भुयारातली वटवाघळं हाकलू नका : सरपंच ताई, पंचमंडळी आणि साहेबांना खुलं पत्र

सरपंच ताई, देवस्थानची पंचमंडळी, आणि आमच्या डोंगराचा पर्यटन आराखडा करणारे तालुक्याचे साहेब, तुम्हा सगळ्यांना रामराम.

मी तुमच्याच गावचा. पंचमंडळींपैकी निम्म्यांसोबत मी सप्त्यात पंगतीला वाढायला असतो, त्यामुळं हे पत्र भांडण म्हणून वाचू नका. दोनदा तोंडी सांगितलं, एकदा लेखी अर्ज दिला, अर्जाची पोच माझ्याजवळ आहे, उत्तर काही आलं नाही. आणि परवा डोंगराच्या पायथ्याला टाईल्सचे बॉक्स उतरलेले बघितले, लोखंडी जाळीचं दार आलेलं बघितलं, तेव्हा म्हणलं आता गप बसून जमणार नाही, सगळ्यांसमोरच लिहावं. गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण नाव टाकलं की उद्या मोबाईल अन् टॉर्च घेऊन पोरं भुयारात घुसतील आणि जे होऊ नये म्हणून लिहायलोय तेच होऊन बसेल. ज्यांना कळायचं त्यांना गाव कळलंच आहे. बाकीच्यांनी आपापल्या गावचं लेणं, भुयार, बारव, पडका किल्ला डोळ्यासमोर आणावा, मराठवाड्यात अशा जागांना कमी नाही.

बाहेरच्या लोकांसाठी आधी थोडं सांगतो. बालाघाटच्या डोंगरात आमच्या शिवारात एक कोरीव गुहा आहे. बाहेर दोन खांबांचा मंडप, मंडपात महादेवाची पिंड, आणि पिंडीच्या मागं वाकून जावं लागतं असं भुयार. आत गेलं की ते मोठं होतं आणि तिथं वटवाघळं राहतात. कधीपासून राहतात ते कुणालाच सांगता येणार नाही. माझी आजी दर सोमवारी मंडपात दिवा लावायला जायची, मला सोबत न्यायची, पण भुयारात पाय टाकू द्यायची नाही. म्हणायची, आत महादेवाचे गण राहतात, त्यांची झोप मोडू नये. मी तेव्हा पाचवी-सहावीत असेन. दिव्याच्या उजेडात आतून टिक टिक असा बारीक आवाज यायचा, जीभ टाळूला लावून आपण बैलाला चुचकारतो ना तसा, आणि मला खरंच वाटायचं की आत कुणीतरी बसलेलं आहे.

यंदा शिवरात्रीला गर्दी जास्त झाली. कुणीतरी भुयाराच्या तोंडाला मोठा हॅलोजन लावला, वटवाघळं बिथरून भर गर्दीत बाहेर आली, बायका-लेकरं घाबरली, एका माउलीच्या नव्या लुगड्यावर घाण पडली. मी तिथंच होतो. घाबरलेल्या लोकांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, अंगावर अचानक पंख आले तर कुणीही घाबरेल. पण त्यावरून असं ठरलं की भुयार साफ करायचं, वटवाघळं कायमची घालवायची, आत टाईल्स बसवायच्या, रंगीत लाईट लावायच्या आणि तोंडाला जाळीचं दार करायचं. हे ठरलं तेव्हा ग्रामसभा झाली नाही, कुणाला विचारलं नाही. आणि होळीच्या दोन दिवस आधी दुपारी भुयारात टायर आणि वाळल्या मिरच्या पेटवल्या.

त्या दुपारी मी बागेत ठिबकच्या नळ्या बघत होतो. डोंगराकडं काळा धूर दिसला, वाटलं वणवा लागला, म्हणून पळत गेलो. अर्ध्या वाटेतच खोकला यायला लागला. वर बघतो तर भर उन्हात वटवाघळं आभाळात, कुठं जावं कळेना म्हणून गोल गोल फिरायलेत, आणि त्यांच्या मागं कावळे आणि घारी लागलेल्या. काही बाभळीला येऊन आदळली. धूर निवल्यावर तोंडाला उपरणं बांधून मी आत गेलो. जमिनीवर पिल्लं पडली होती. अंगावर केस नीट न आलेली, अंगठ्याएवढी, पंख म्हणजे नुसती ओली कातडी. १७ मोजली, पुढं मोजवलं नाही. त्यातली दोन-तीन अजून हलत होती आणि तोंड उघडून चोखायला काहीतरी शोधत होती. मी शेतकरी आहे, मेलेली जनावरं बघितलेली आहेत, वासरं बघितलीत, पण ते तोंड माझ्या डोळ्यासमोरून जात नाही.

धूर कुणी करायला सांगितला ते मला माहीत आहे. नाव घेणार नाही, कारण त्या माणसाला मी लहानपणापासून ओळखतो, तो वाईट नाही, त्याला ठाऊक नव्हतं. माझी तक्रार अशी आहे की ठाऊक करून घ्यायचं काम ज्यांचं होतं त्यांनी ते केलं नाही.

आता मी यात का पडलो ते सांगतो, कारण पहिला सवाल हाच येणार, की तुझी तर पेरूची बाग, वटवाघळं तुझंच नुकसान करतात, मग तुला कशाला पुळका. बरोबर आहे. माझी एक एकर पेरूची बाग डोंगरापासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि वटवाघळं पेरू खातात. पिकलेलाच खातात, फांदीवरून तोडून दुसऱ्या झाडावर नेतात, रस चोखतात आणि चोथा थुंकून टाकतात. सकाळी झाडाखाली चोथ्याचे गोळे बघून मी पण शिव्या दिलेल्या आहेत. तीन वर्षांमागं वैतागून मी बारीक नायलॉनची जाळी आणली, मासे धरायच्या जाळ्यासारखी असते ती, दिसत पण नाही, आणि सगळ्या कडेच्या ओळींवर टाकून दिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक त्यात अडकलेलं होतं. मी काठी घेऊनच गेलो होतो. जवळ जाऊन बघितलं तर तोंड कोल्ह्याच्या पिल्लासारखं, डोळे मोठे आणि तपकिरी, अंगावर तांबूस मऊ केस, आणि वास पिकल्या पेरूचा. रात्रभर धडपड करून जाळीचा धागा पंखात पार आत गेलेला. पंख जरा वर उचलला तर छातीला पिल्लू चिकटलेलं. यांची आचळं काखेत असतात, तिथं ते तोंड लावून बसलेलं होतं, आई जाळीत उलटीसुलटी झाली तरी त्यानं सोडलं नव्हतं. काठी बाजूला ठेवली. पेरूच्या कटिंगची कात्री आणली, टॉवेलात तिचं तोंड धरलं, आणि एक एक धागा कापायला अर्धा तास लागला. ती टॉवेल चावत होती आणि मधेच टिक टिक करत होती. तो आवाज ऐकला आणि मला आजीचा दिवा आठवला. मोकळी केल्यावर तिला जमिनीवर न ठेवता लिंबाच्या उंच फांदीला लावली, पायाची नखं टेकली की ती आपोआप लटकली. दिवसभर तिथंच होती, संध्याकाळी बघतो तर गेलेली.

ती जाळी मी त्याच दिवशी काढून जाळून टाकली. आता पेरूला फोम आणि पिशवी लावतो. मजुरी धरून एका फळामागं दोन-अडीच रुपये जातात, पण तशीही फळमाशीसाठी पिशवी लावावीच लागते आणि पिशवीतल्या मालाला व्यापारी भाव बरा देतो. कडेच्या एका ओळीला पिशव्या लावत नाही, ती त्यांना. सगळ्यांनी असं करावं असं मी म्हणत नाही, ज्याचं त्याचं बजेट वेगळं असतं. एवढंच सांगायचंय की ज्याचं नुकसान होतं तो माणूस तुमच्याकडं येऊन सांगायलाय की यांना हाकलू नका.

माझा पुतण्या संभाजीनगरला झूलॉजी शिकतो. त्याला मी बोलावलं, त्यानं बाहेर पडलेली काही बघितली, फोटो काढले, त्याच्या सरांना दाखवले. हे रूसेटस लेशेनॉल्टाय नावाचं फळं खाणारं वटवाघूळ आहे. १८२० साली डेमारे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं त्याचं वर्णन लिहून ठेवलं. वजन पाव किलोच्या निम्मंही भरत नाही. गावच्या वडावर दिवसा उघड्यावर लटकतात ती मोठाली वटवाघळं वेगळी, ती गुहेत राहत नाहीत. फळं खाणारी बहुतेक वटवाघळं डोळ्यांवर चालतात, त्यांना किट्ट अंधारात वाट सापडत नाही. हे रूसेटस जातीचं वटवाघूळ मात्र जिभेनं टिक टिक करतं, आवाज दगडावर आपटून परत येतो आणि त्यावरून त्याला भिंत कुठं, दुसरं वटवाघूळ कुठं ते कळतं. आजीच्या गणांचा आवाज तोच. त्यामुळंच ते इतक्या खोल अंधारात राहू शकतं, आणि त्यामुळंच त्याला भुयार, गुहा, जुनं तळघर, बोगदा, पडकी विहीर अशीच जागा लागते. देवगिरी किल्ल्यावर अंधारी म्हणतात त्या भुयारी वाटेतून गेलेल्या कुणालाही विचारा, अंधार आणि वटवाघळांचा वास या दोन गोष्टी तो आधी सांगेल.

साहेब, आता इथं जरा नीट लक्ष द्या, कारण तुमच्या आराखड्यातली सगळ्यात मोठी चूक इथं आहे. उंदरीण एका वेताला सहा-आठ पिल्लं घालते. या वटवाघळाची मादी एका वेळेला बहुतेक एकच पिल्लू घालते. आपल्याकडं यांची विण्याची वेळ वर्षातून दोनदा येते, एकदा मार्चच्या सुमाराला आणि दुसरी जुलै-ऑगस्टात. म्हणजे शिवरात्रीला भुयारात ज्या माद्या होत्या त्या गाभण होत्या, होळीला त्यांच्या छातीला पिल्लं होती, आणि तुम्ही पावसाळ्याच्या आत काम उरकायचं म्हणून जी घाई लावलीय त्या घाईत त्या परत गाभण आहेत. वर्षातले जे महिने भुयाराला हात लावू नये तेच नेमके तुम्ही निवडलेत. कुणी एका माणसाला फोन केला असता तरी हे कळलं असतं.

दुसरं, जाळीचं दार. दार बसवलं तर आत असतील ती आत उपाशी मरतील आणि बाहेर असतील ती बाहेर राहतील. बाहेर म्हणजे कुठं, तर आपल्या गावात. होळीच्या धुरानंतर आठच दिवसांनी वरच्या आळीतल्या बंद वाड्याच्या तळघरात वटवाघळं आली, मालक पुण्याला असतात, त्यांचा मला फोन आला की हे काय झालं. सार्वजनिक विहिरीच्या कपारीत पण बसलेली दिसली. आजवर ती डोंगरात होती, आपण गावात होतो, कुणाचं कुणाला काही नव्हतं. आपणच त्यांना उठवून पिण्याच्या पाण्यावर आणून बसवलं.

तिसरी गोष्ट निपाहची, म्हणजे वटवाघळांतून माणसात येऊ शकणाऱ्या विषाणूच्या रोगाची. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज एक मेसेज फिरायलाय की भुयारात निपाह आहे, साफ करा नाहीतर गाव जाईल. भीती मला समजते, करोनात आपण माणसं गमावलीत, त्यामुळं हा विषय मी टाळणार नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतली वटवाघळं तपासली होती, त्यात याच जातीच्या वटवाघळांत निपाहच्या खुणा सापडल्या, २०२१ ला ते जाहीर झालं. हे खरं आहे आणि मी ते लपवत नाही. पण त्याचा अर्थ वटवाघळाच्या अंगाला विषाणूची ओळख आहे एवढाच, ते दिसलं की रोग झाला असा नाही. बांगलादेशात निपाह पसरला तो खजुरीचा कच्चा रस पिण्यानं, कारण रात्री मडक्यात वटवाघळं तोंड घालतात. मलेशियात १९९८-९९ ला तो डुकरांतून माणसांत आला. म्हणजे वटवाघळाची लाळ, मूत आपल्या तोंडात किंवा जनावराच्या तोंडात गेलं तर धोका. त्यावर उपाय साधा आहे, वटवाघळानं चावलेलं फळ खायचं नाही, खाली पडलेलं लेकरांना द्यायचं नाही, वटवाघळाला हात लावायचा नाही, शिंदीचं मडकं झाकायचं. माझ्या घरात आम्ही हेच करतो. जाळीतलं सोडवायला मी हात घातला तो सुद्धा चुकीचाच होता, जाड हातमोजे घालायला पाहिजे होते, हे पुतण्यानं मला नंतर सुनावलं.

आणि हाकलल्यानं रोग जातो का, तर याचं एक उदाहरण आहे, ते कृपा करून सगळ्यांनी वाचा. आफ्रिकेत युगांडा देशात किताका नावाची खाण होती. तिच्यात आपल्या वटवाघळाचाच भाऊबंद, त्याच रूसेटस वंशातला, हजारोंनी राहायचा. २००७ ला तिथल्या खाण कामगारांना मारबर्ग नावाचा भयंकर रोग झाला. मग २००८ ला खाणीतली सगळी वटवाघळं मारून टाकली, तोंडं बंद केली. पुढं खाण परत उघडली, वटवाघळं परत आली, आणि २०१२ ला जवळच्याच इबांडा गावात मारबर्गची साथ आली. शास्त्रज्ञांनी परत तपासलं तर मारायच्या आधी शंभरात पाचेक वटवाघळांत विषाणू होता, नंतर तो तेराच्या आसपास गेलेला. जुनी, रोग पचवलेली वटवाघळं मारली गेली आणि त्यांच्या जागी नवी, न पचवलेली आली, असं त्याचं कारण अभ्यासक देतात. मारबर्ग आपल्याकडं आहे असं मी अजिबात म्हणत नाही. गाव वाचवायला म्हणून धूर करायलात, तो धूर गाव वाचवत नाही, हे सांगायलोय.

भुयारातल्या घाणीबद्दल पण खरं ते बोललं पाहिजे. बंद जागेतल्या वटवाघळाच्या वाळल्या विष्ठेत बुरशी वाढू शकते, तिची धूळ छातीत गेली तर आजार होतो, अभ्यासकांनाही गुहेत जाताना मास्क लावावा लागतो. मग मला सांगा, त्या दिवशी धूर केल्यावर सात-आठ पोरांना फावडी देऊन विनामास्क आत कुणी पाठवलं? त्यातली दोन पोरं पुढं आठवडाभर खोकत होती. ती धुरानं खोकत होती का धुळीनं, मला माहीत नाही, पण पोरं आपलीच होती.

आणि यांचा उपयोग काय, असं जे विचारायलेत त्यांच्यासाठी. भुयाराच्या तोंडाशी आषाढात जाऊन बघा. निंबोळ्यांचा आणि जांभळाच्या बियांचा थर पडलेला असतो. ही रात्री लांब लांब जातात, लिंब, जांभूळ, उंबर, वड, पिंपळ, चारोळी, मिळेल ते खातात, बारीक बी पोटातून जातं आणि उडता उडता पडतं, मोठं बी तोंडातून नेऊन दुसऱ्या झाडाखाली टाकतात. किनवट-माहूरकडं मोहाची फुलं लागली की वटवाघळं मोहावर असतात, फुलातून फुलात परागकण नेतात. आपला डोंगर बघा, वनीकरणाचे खड्डे दरवर्षी निघतात, रोपं लागतात, मार्चपर्यंत निम्मी वाळतात. आणि कड्याच्या फटीत, जिथं माणूस चढू शकत नाही, जिथं कुणी घागरभर पाणी घातलं नाही, तिथं उंबर आणि पिंपळ उभे आहेत. ते कुणी लावले? दुष्काळी भागात राहतो आपण, टँकर बघितलेत, छावण्या बघितल्यात, आपल्याला एका उंबराची किंमत दुसऱ्यानं सांगायला नको.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण एका पंचांनी मला तोंडावर सांगितलं की वटवाघूळ मारायला सरकारचीच परवानगी आहे. होती, तशी. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळं खाणारी वटवाघळं पाचव्या अनुसूचीत टाकलेली होती, कावळे आणि उंदरांच्या रांगेत, उपद्रवी म्हणून. २०२२ ला कायदा बदलला, १ एप्रिल २०२३ पासून तो लागू झाला, आणि ती उपद्रवी प्राण्यांची अनुसूचीच काढून टाकली. त्यामुळं जुन्या यादीकडं बोट दाखवून धूर करता येणार नाही. शिवाय २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक गावाला जैवविविधता व्यवस्थापन समिती करावी लागते आणि गावातल्या झाडा-जनावरांची नोंदवही ठेवावी लागते. ताई, आपल्या गावची समिती कागदावर आहे, तिची बैठक झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही, आणि नोंदवहीत हे भुयार आहे का हे मी विचारलं तर वहीच दाखवली नाही. आणि गुहा कोरीव आहे, जुनी आहे, खांबावर नक्षी आहे, त्या दगडाला ड्रिल मारून टाईल्स चिकटवायच्या आधी पुरातत्त्वच्या माणसाला एकदा दाखवलं का, हाही माझा साधा सवाल आहे.

माझी मागणी देवाच्या किंवा जत्रेच्या विरोधात नाही. जत्रा व्हावी, रस्ता व्हावा, पाण्याची टाकी व्हावी, बायकांसाठी संडास व्हावेत, त्याची तर फार गरज आहे, साहेब, आराखड्यात त्याला सगळ्यात कमी पैसे ठेवलेत. मागतो ते एवढंच :

भुयाराच्या आतलं काम आजच्या आज थांबवा. टाईल्स नको, लाईट नको, आत माणूस नको. मंडप देवाचा आणि आपला, मागचं भुयार त्यांचं, ही जी वाटणी आजीच्या काळात होती तीच राहू द्या.

जाळीचं दार परत पाठवा. पिंडीच्या मागं कमरेएवढं कठडं करा, वर पूर्ण मोकळं, म्हणजे लेकरं आत जाणार नाहीत आणि वटवाघळांची वाट अडणार नाही. कठड्याचं लाकूड मी देतो, माझ्या बांधावरची बाभूळ पडलेली आहे.

मंडपात दिवा लावा, पण मंद, पिवळा, पिंडीकडं तोंड करून, आणि रात्री बंद. हॅलोजन, डीजे, फटाके मंडपाच्या जवळ नकोत, शिवरात्रीला तर नकोतच. घाण पडते म्हणून मंडपाच्या छताखाली जाड कापड ताणून बांधता येईल, चार दिवसांची जत्रा झाली की काढून धुता येईल. भुयाराच्या तोंडाची सफाई करायचीच असेल तर वटवाघळं बाहेर गेल्यावर रात्री, पिल्लांचे महिने सोडून, आधी पाणी शिंपडून आणि मास्क लावून करायची.

जैवविविधता समितीची बैठक लावा आणि भुयाराची नोंद करा. आणि बागायतदारांच्या नुकसानीचं पण कुणीतरी मनावर घ्या. पातळ नायलॉनची जाळी गावात विकायची बंद करा, त्यात साप अडकतात, घुबडं अडकतात. ज्याला जाळी लावायचीच आहे त्यानं ताणून बसवलेली, जाड धाग्याची, करंगळी जाणार नाही एवढ्या बारीक भोकाची लावावी. पिशव्या आणि फोमसाठी कृषी खात्याच्या योजनेतून काही मिळतं का ते साहेबांनी बघावं, दहा-बारा बागायतदार मी गोळा करून आणतो.

१ मेच्या ग्रामसभेत हा विषय घ्या आणि लोकांना बोलू द्या. ठराव माझ्या विरोधात गेला तरी मी उठून जाणार नाही, पण लोकांना न विचारता झालेला ठराव मी मानत नाही. तोवर टाईल्सचे बॉक्स फोडू नका एवढी हात जोडून विनंती.

आणि अजून एक. होळीपासून मी रोज संध्याकाळी तिकडं जातो. निम्मीच परत आलीत असं वाटतं, मोजायला गेलो की चुकतो. ३० एप्रिलला दिवस मावळायच्या आधी मी मंडपापासून पन्नास पावलांवर, चिंचेखाली सतरंजी टाकून बसणार आहे. ताई, तुम्ही या, तुमच्या लेकीला आणा. पंचमंडळी, साहेब, ज्यानं धूर केला तो पण, सगळे या. टॉर्च आणू नका, मोबाईल खिशात ठेवा. सव्वासातच्या पुढं आधी आतून टिक टिक ऐकू येतं, मग एक बाहेर येतं, चक्कर मारून परत आत जातं, आणि मग बाकीची निघतात. ती सगळी निघून जाईस्तोवर थांबा, नंतर जे काय बोलायचं ते तिथंच बसून बोलू. चहा मी आणतो.

तुमचाच,
डोंगराखालचा एक पेरूवाला